गोळीचं काम

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज जीप हाफिज मिस्त्रीच्या हवाली केली. मूल गावाहून चंद्रपूरला ट्रकवर चढवून न्यावी लागली. जिच्या भोंग्याचा आवाज ऐकून बांबूचे ठेकेदार ताटावरून उठायचे, ती गाडी दोरांनी आवळलेली पाहवेना.

हाफिज साठीचा आहे. या जुन्या जीपच्या गिअरबॉक्सला हात घालणारा जिल्ह्यात आता तोच उरलाय म्हणतात. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, गिअरची दांडी हलवून पाहिली आणि विचारलं, "भाऊ, गाडी चालवायची हाये का पूजायची?"

"चालवायची. वीस डिसेंबरला. मी स्वतः."

"मंग पूर्ण खोला लागंल."

खोल म्हटलं. गेल्या वर्षी चंदाच्या स्मृतिदिनाच्या सभेला साठ माणसं होती. त्यातली निम्मी जेवणाची वाट पाहत होती. यंदा मी तेवीस वर्षं बंद पडलेली तीच जीप घेऊन घाट उतरणार. बघतो कोण घरी बसतं ते.

नव्या पोरांना काही ठाऊक नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. भाषणाचा आराखडाही होईल.

डिसेंबर २००१. बांबू कटाई मजुरांचा संप. घाटावर ठेकेदाराचा डेपो आणि त्याच्यासमोर आमचा तंबू. वीस तारखेला घाटाखाली, आंबेटोल्यात, संध्याकाळी सभा. मी दुपारीच मोटरसायकलनं पुढे जाणार होतो. लाऊडस्पीकर घेऊन माझी बायको चंदा मागून जीपनं येणार होती. ठेकेदारानं आदल्या दिवशी बंदूक दाखवलेली. सकाळी आमचा ड्रायव्हर सुकलू साठ मजुरांदेखत माझ्यापुढे आला आणि म्हणाला, "भाऊ, गोळीचं काम हाये. आज घाट नका उतरवू." मी म्हणालो, "गोळीला भीत असतो तर संघटना काढली नसती! गाडी सहाच्या आत पोचली पाहिजे!" तंबू टाळ्यांनी दणाणला. ते वाक्य आजही कार्यालयाच्या भिंतीवर रंगवलेलं आहे.

तिसऱ्या वळणावर जीप नाल्यात गेली. सुकलूचा पाय मोडला. चंदा गेली. ब्रेकची नळी तुटलेली सापडली. डेपोचा चौकीदार पत्रू त्या सकाळी जीपजवळ बसलेला अनेकांनी पाहिला होता. चौदा महिने तो जेलात होता, पुराव्याअभावी सुटला. कोर्टानं सोडला, मी नाही. दर वर्षी त्याच्याच गावात, आंबेटोल्यात, त्याच्याच घरासमोरच्या चौकात, मी त्याचं नाव घेतो. दर वर्षी त्या दिवशी त्याचं दार बंद असतं. अपराधी मनाचा याहून मोठा पुरावा कोणता?

चंदाला बाहेर काढलं तेव्हा तिच्या उजव्या हाताची मूठ वळलेली होती. ती कुणाला उघडता आली नाही. तीच मूठ आमच्या झेंड्यावर आहे.

२८ नोव्हेंबर

हाफिजशी कडाक्याचं भांडण.

आमच्या गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरचे दात झिजलेत, बेअरिंग खिळखिळे, पितळी रिंगा गुळगुळीत. नवे भाग मिळत नाहीत. म्हणून त्यानं भंगारातून त्याच जातीचा दुसरा गिअरबॉक्स आणलाय. त्यातलं चांगलं काढून यात घालणार. आणलाय कुणाच्या जीपचा? त्या वेळच्या त्याच ठेकेदाराच्या! झाकणावर त्याच्या कंपनीचं नाव अजून वाचता येतं.

"चंदाच्या जीपमध्ये त्याचा गिअर बसणार नाही," मी ओरडलो.

हाफिज कापडानं बोटं पुसत राहिला. "दाताले पार्टी नसते भाऊ."

मी त्याला दहा मिनिटं सुनावलं. मजुराचं रक्त, मालकाचं लोखंड, इतिहासाची विटंबना. त्यानं ऐकून घेतलं. मग दोन दातेरी गिअर उचलून माझ्या हातावर ठेवले. एक आमचा, एक त्यांचा. म्हणाला, "लावा एकमेकाले."

लावले. बसतात, पण फिरवले की कुरकुरतात.

"हे दोघं वीस-वीस वर्षं आपापल्या जोडीदाराबरोबर घासले. आता नव्याबरोबर यायचं जमत नाई. बदलायचं तर जोडीच बदला लागते. अर्धं तुमचं, अर्धं त्याचं ठेवलं तर घाटात दात झडतीन. बोला, काय ठेवू?"

चहा न घेताच निघून आलो. संध्याकाळी फोन करून सांगितलं, बदल जोडी. झाकण मात्र आमचंच राहील.

२ डिसेंबर, सोमवार

पुरावा! तेवीस वर्षांनी पुरावा!

घाईत अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

हाफिजनं दोन्ही गिअरबॉक्स खोलून सगळे भाग वर्तमानपत्रांवर ओळीनं मांडले होते. आमच्या भागांवर पांढरा ठिपका, त्यांच्यावर पिवळा. मला बोलावून झाकण दाखवलं. गिअर ज्या सळईनं सरकतो तिला खाच असते. त्या खाचेत एक पोलादी गोळी स्प्रिंगच्या जोरानं दाबून बसते. ती आहे म्हणून गिअर जागेवर राहतो. नसली तर उतारावर गाडी इंजिनाला ढकलू लागते तेव्हा गिअर आपोआप निसटतो, आणि मग गाडी मोकाट.

"पह्यल्या गिअरची गोळी हाये," हाफिज म्हणाला. "दुसऱ्या-तिसऱ्याची नाई. तिच्या जागी हे निघालं."

त्याच्या तळहातावर बांबूची एक खुंटी होती. करंगळीच्या पेराएवढी. तेल पिऊन काळी पडलेली, आठ पैलू नीट तासलेले. भोवती कापडाची चिंधी घट्ट गुंडाळलेली. चिंधी पुसली तर लाल. आमच्या फलकाचं कापड! त्यावर पांढऱ्या रंगाचा अर्धा काना.

म्हणजे ब्रेकची नळी हा देखावा होता. खरा घात आत होता. गोळी काढून घेतली आणि जागा भरायला ठोकला डेपोचा बांबू, तोही आमच्याच फलकात गुंडाळून! केवढा हा छद्मीपणा! पत्रू डेपोचा चौकीदार, बांबू त्याच्या हाताशी, आणि सकाळी तो जीपजवळ. आता काय बोलशील पत्रू?

हाफिज म्हणाला, "भाऊ, मारायचं असलं तर कोणी खुंटी काऊन बसवंल? गोळी काढून तसंच झाकण लावंल ना. हे तर कोणीतरी गाडी चालावी म्हणून केलं."

मिस्त्री आहे, राजकारण त्याला काय कळणार.

खुंटी रुमालात बांधून आणली. वीस तारखेला व्यासपीठावरून दाखवणार. शेवटचं वाक्य सुचलंय: 'ही खुंटी पत्रूच्या कपाळी ठोकलेली आहे!'

५ डिसेंबर

साक्षीदार हवा म्हणून ऊर्जानगरला गेलो. सुकलू तिथे मुलीच्या क्वार्टरमध्ये असतो. जावई पॉवर स्टेशनात. सुकलू पार वाळलाय, पाय अजून ओढतो. ओट्यावर बसून कुळवाच्या दांड्याला पाचर तासत होता. शेजारी तासलेल्या खुंट्यांचा ढीग. शेजारपाजारचे खाटा, खुर्च्या, कुदळी घेऊन येतात म्हणे. सगळ्या अष्टपैलू, एकसारख्या. म्हातारपणी हातांना काम असलं की बरं असतं.

"सुकलू, गाडी खोलली!" मी सांगितलं. "गिअरबॉक्समधून काय निघालं ओळख."

त्याच्या हातातला चाकू थांबला.

"फडकं टिकलं का?" त्यानं विचारलं.

"टिकलं! लाल आहे अजून. सभेत दाखवणार. तू माझ्या शेजारी उभं राहायचं आणि सांगायचं, त्या सकाळी पत्रू गाडीजवळ होता."

"होता," तो म्हणाला.

"झालं तर मग!"

मुलीनं पोहे आणले. त्यानं बशीला हात लावला नाही. निघताना म्हणाला, "भाऊ, पत्रूले यंदा राहू द्या. म्हातारा झाला तो बी." दयाळूपणा ही आपल्या माणसांची जुनी खोड. मी खांद्यावर हात ठेवून म्हणालो, न्यायाला वय नसतं. हेही वाक्य भाषणात घ्यायला हवं.

८ डिसेंबर

भाषण पूर्ण. बेचाळीस मिनिटं. प्रफुलला वाचून दाखवलं. तो आता संघटनेचा सचिव आहे. म्हणाला, व्हिडिओ काढू, यंदा भाऊंचं भाषण पेटणार.

एक गोष्ट टोचते आहे. सुकलूला मी चिंधीबद्दल काही सांगितलं नव्हतं.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी अकराला हाफिजचा फोन. मी भिंतीवरच्या त्या वाक्याला नवा रंग देऊन घेत होतो.

मी विचारलं, गाडी झाली का, न्यायला येऊ का. तो म्हणाला, "आज नका येऊ भाऊ. गोळीचं काम हाये. तेवढं झालं की गाडी तयार."

मी म्हणालो, "काय म्हणालास?"

"गोळीचं काम हाये."

रंगारी खाली उतरून विचारत होता, भाऊ, 'गोळीला' मधला ळ असाच ठेवू का मोठा करू. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग त्याला घरी जायला सांगितलं.

आणखी काही लिहवत नाही.

१२ डिसेंबर

ऊर्जानगर. सुकलू ओट्यावरच होता. मी रुमाल सोडून खुंटी त्याच्यापुढे ठेवली आणि काही न बोलता बसलो. माझ्या आयुष्यात अशा वेळा थोड्या.

त्यानं ती उचलली, अंगठ्यानं पैलू चाचपले. "बांबू चांगला होता," म्हणाला. "पत्रूनं निवडून देल्ला."

मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

"दोन दिवसांपासून दुसरा गिअर सुटून राह्यला होता. सकाळी झाकण उघडलं त गोळी फुटलेली. तुमाले म्हणलं, गोळीचं काम हाये, आज घाट नका उतरवू. तुम्ही सप्पा लोकाइसमोर बोलले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्याइत मी काय सांगू, का भाऊ, बंदुकीची नाई, गिअरची? लोक हासले असते. तुमच्यावर हासले असते. पत्रू डेपोतून पाहत होता. त्यानं मले बोलावलं, चहा पाजला, म्हणे एक खुंटी ठोक, एवढा घाट निघंल. त्याच्याच चाकूनं तासली. ढिली पडत होती म्हणून फलकाची चिंधी फाडली."

"आणि चंदा?"

"बाईले म्या सांगतलं होतं. त्या म्हणे, तिकडे भाऊ वाट पाहतीन, चाल. मी म्हणलं, बाई, मग दांडी धरून बसा, दोन्ही हातांनी, सोडू नका. पह्यलं वळण गेलं. दुसरं गेलं. बाईनं धरूनच ठेवली होती भाऊ. तिसऱ्याले दांडीनं हिसका देल्ला. ब्रेक तापून गेले होते. नळी त नाल्यात पडल्यावर तुटली."

चंदाची मूठ.

तेवीस वर्षं मी ती झेंड्यावर फडकवली. ती गिअरची दांडी धरायला वळलेली होती.

मी विचारलं, तू मला आधी का नाही सांगितलंस? तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता. "दवाखान्यात सांगाले गेलो. तुम्ही म्हणले, बोलू नको, आराम कर. बाहेर तुमचं भाषण चालू झालं होतं, पत्रूचं नाव घेऊन. मंग..." तो थांबला. "मंग मले बी बरं वाटलं. माहं नाव नाई आलं."

१५ डिसेंबर

रोज एकच प्रश्न. त्या सकाळी मी 'गोळी' हा शब्द खरोखर बंदुकीचाच समजलो होतो का? मी त्या जीपमध्ये अकरा वर्षं बसलो होतो. दुसरा गिअर सुटतो हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशीच सुकलूला त्यावरून टाकून बोललो होतो. दोन अर्थ समोर होते. टाळ्या ज्याच्यावर पडणार होत्या, तो मी उचलला.

बेचाळीस मिनिटांचं भाषण फाडलं. नवं लिहायला बसलो. तीन पानं झाली. कबुलीजबाब. आयुष्यातलं सर्वांत खरं लिखाण.

१८ डिसेंबर

जीप आणली. हाफिजनं गोळी आणि स्प्रिंग नवीन बसवलीत. चावी देताना म्हणाला, "दांडीवर हात ठेवायची गरज नाई आता. सवय असंन त सोडा."

२० डिसेंबर, शुक्रवार

घाट उतरलो. सुकलू शेजारी होता. तिसऱ्या वळणावर त्याचा हात आपोआप दांडीकडे गेला आणि तिथेच राहिला.

सभेला दोनशे माणसं. जीपची हवा. पत्रूचं दार बंद.

मी तिन्ही पानं बोललो. कागद हातात धरायचीही गरज पडली नाही. म्हणालो, "चंदाला कुणी मारलं? मी मारलं! माझ्या शब्दानं मारलं, माझ्या अहंकारानं मारलं, तुमच्या टाळ्यांच्या भुकेनं मारलं!" खुंटी उंच धरली. चौक सुन्न झाला. वाटलं, सुटलो.

मग प्रफुल उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं मूठ वर केली आणि घोषणा दिली: "चंदाबाई अमर रहे! वारलूभाऊ, तुम आगे बढो!" दोनशे मुठी वर गेल्या. टाळ्या थांबेनात. बायका डोळे पुसत होत्या. जेवताना एक जण म्हणाला, "भाऊ, असं भाषण बापजन्मात नाई आयकलं. स्वतःवर घेतलं तुम्ही, एवढं मोठं मन कोणाचं असते? पण तो पत्रू पहा, आज बी दार लावून बसला."

सुकलू जीपमध्येच बसून होता. जेवला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आज एकटा गेलो. तीन पानं खिशात.

पत्रूच्या दारात त्याची मुलगी उर्वशी होती. मला पाहून तिनं हातातला झाडू खाली ठेवला नाही.

"आज सभा नाई," ती म्हणाली.

"पत्रूशी बोलायचंय."

"कायनं बोलसान? बाबाले आयकू येत नाई. जेलातून आला तवापासून. कोणीतरी कानावर मारलं होतं तिथं."

"पण मग दर वर्षी सभेच्या दिवशी दार..."

"दार मी लावतो. माह्या पोराइनं आयकू नये म्हणून."

ती बाजूला झाली. पत्रू अंगणात खाटेवर बसला होता. पांढरी दाढी, गुडघ्यावर घोंगडं. त्यानं मला ओळखलं. मान हलवून समोरचा पाट दाखवला. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. खिशातली पानं काढून दिली.

चौथी शिकलेला माणूस. बोट ठेवून वाचत होता, ओठ हलवत. तीन पानांना अर्धा तास लागला. उर्वशी खांबाला टेकून उभी. शेवटच्या ओळीवर पोचल्यावर त्यानं पानं उलटी केली, पुन्हा पहिलं पान काढलं, बोट वरून खाली सरकवत नेलं. काहीतरी शोधत होता. तिसरं पान संपलं तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं,

"याच्यात माहं नाव कुठी हाये?"

मी पानं हातात घेतली. माझा अहंकार होता. माझी भूक, माझं पाप, माझा शब्द होता. इतिहास होता. 'एका निरपराध माणसावर' असंही कुठेतरी होतं. पत्रू नव्हता. तेवीस वर्षं दर सभेत ज्याचं नाव घेतलं, त्याचं नाव खरं सांगायच्या वेळी माझ्या लेखणीतून निघालं नव्हतं.

उर्वशीनं घरातून पोराच्या वहीचं एक पान फाडून आणलं. मी लिहिलं:

'पत्रू सोमा भोयर यांनी जीप बिघडवली नव्हती. जीपची गोळी आधीच फुटली होती. सुकलूनं मला सांगितलं होतं. मी गाडी थांबवली नाही. पत्रूनं गाडी नीट व्हावी म्हणून मदत केली. मी तेवीस वर्षं त्याचं नाव खोटं घेतलं. — वारलू मोहुर्ले.'

त्यानं वाचलं. स्वतःच्या नावावर बोट थोडं जास्त वेळ थांबलं. मग कागद परत माझ्याकडे केला.

"मोठ्यानं वाच."

मी उर्वशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्याले आयकू यावं म्हणून नाई म्हणत तो. चौकात वाचा."

पत्रू काठी घेऊन उठलासुद्धा. पुढे तो, मागे मी. चौकात पानठेल्यावर सहा-सात माणसं होती, हातपंपावर दोन बाया, समाजमंदिराच्या पायरीवर प्रफुलची सायकल घेऊन आलेला त्याचा काका. माईक नव्हता. मी जिथे दर वर्षी व्यासपीठ बांधतो, तिथे पत्रू येऊन उभा राहिला, माझ्याकडे तोंड करून, माझ्या ओठांवर डोळे लावून.

मी वाचलं. माझा आवाज हातपंपापर्यंतही पोचला नसावा. बायांनी पंप थांबवला. एक म्हणाली, "काय म्हणते?" मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा पानठेल्यावरचा एक म्हातारा उठला आणि घरी गेला. पायरीवरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, जशी मी या चौकातल्या लोकांना पत्रूकडे पाहायला शिकवली होती.

टाळी एकही नाही.

पत्रूनं कागद घेतला, घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. "जा आता," म्हणाला. माफ केलं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

परतताना घाट चढून आलो. टेकडीला या अंगालाही उतार आहे. दुसरा टाकून सोडली. गाडी इंजिनाला ढकलत होती, गिअर जागचा हलला नाही. हाफिजनं सांगितलं होतं, हात ठेवायची गरज नाही. मूल गाव येईपर्यंत मी दांडी धरूनच होतो. घरी आल्यावर बोटं उघडायला वेळ लागला.